कशात काढले?

मे महिन्यात कोकम पिकते. फळ अर्धे करायचे, आतला गर आणि बिया काढायच्या, सालीच्या वाटीत साखर दाबून भरायची. अशा वाट्या काचेच्या बरणीत एकावर एक रचायच्या आणि बरणी उन्हात ठेवायची. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तीन-चार दिवसांत साखर दिसेनाशी होते, बरणीच्या तळाला गडद लाल पाक साचतो, आणि पुढे वाट्या त्याच पाकात बुडतात. हे अमृत कोकम. साखरेच्या जागी मीठ आले की आगळ.

बरणीत काय घडते? साखर सालीतले पाणी ओढून घेते, त्या पाण्यात स्वतः विरघळते आणि जाता जाता सालीचा रंग व आंबटपणा बाहेर आणते. रंग अँथोसायनिनचा, आंबटपणा हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा. पण त्याच सालीत गार्सिनॉल नावाचा एक पिवळा पदार्थही असतो. तो पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे बराचसा सालीतच राहतो. तो हवा असेल तर अल्कोहोलसारखे दुसरे काही वापरावे लागते. साल तीच असते. हाती काय लागणार आणि काय चोथ्याबरोबर फेकले जाणार, हे ती कशात भिजवली यावर ठरते.

त्या 'कशात'ला शाळेच्या पुस्तकात द्रावक म्हणतात. आपण त्याच्याकडे क्वचितच लक्ष देतो, कारण काम झाल्यावर तो निघून जातो, किंवा निघून जावा अशी अपेक्षा असते. कॅप्सूलच्या बाटलीवर आत काय आहे ते छापलेले असते. ते कशात काढले हे बहुधा नसते. सांगलीच्या बाजारातल्या हळकुंडात करक्युमिन आणि त्याची भावंडे मिळून साधारण २ ते ५ टक्के असतात. औषधांच्या दुकानात ९५ टक्क्यांची पूड मिळते. दोनाचे पंच्याण्णव द्रावकाने होतात. तो ॲसिटोन असतो, इथाइल ॲसिटेट असते, इथेनॉल असते, आणि शेवटी त्याचा अंश मालात किती राहिलेला चालेल याचे नियम असतात. अन्नातील मिश्रकांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या मानकानुसार करक्युमिनमध्ये किलोमागे ॲसिटोन ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि हेक्झेन २५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे हळदीतून काढलेल्या वस्तूच्या मानकात पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या हेक्झेनसाठी एक ओळ राखून ठेवलेली आहे. ती तिथे का आली आणि तिच्याशिवाय भागते का, हे या पुस्तकाचे प्रश्न आहेत.

हेक्झेनला खलनायक ठरवून सुरुवात करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असते. नुसते दाबून काढले तर पाच-सात टक्के तेल पेंडीतच अडकते. हेक्झेनने धुतले तर एक टक्क्याहून कमी उरते. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून थोड्या उष्णतेत तेलापासून वेगळे होते आणि वाफ थंड केली की पुन्हा वापरता येते. शिवाय स्वस्त. म्हणूनच घाण्याच्या जागी हे कारखाने आले. लातूर-अकोल्याकडे 'सॉल्व्हंट' म्हटले की लोकांना रसायन आठवत नाही, कारखाना आठवतो. आणि तेल काढून उरलेल्या पेंडीचे 'डीओसी' हे नाव सोयाबीन विकणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते, कारण सोयाबीनचा भाव तिच्या निर्यातीवर हलतो.

या व्यवहारात एक खर्च मात्र कोणत्याही पट्टीवर लिहिला जात नाही. हेक्झेनची वाफ हवेत मिसळते, पेट घेते आणि श्वासावाटे शरीरात जाते. १९६०च्या दशकात जपानमध्ये हेक्झेन असलेल्या गोंदाने घरोघरी चपला चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतले बळ जाऊ लागले. शरीरात हेक्झेनपासून तयार होणारा एक पदार्थ मज्जातंतूंना इजा करतो, हे पुढे सिद्ध झाले. तेल खाणाऱ्याच्या वाट्याला हेक्झेनचा नगण्य अंश येतो. टाकीजवळ पाळी करणाऱ्याच्या वाट्याला त्याहून फार जास्त. द्रावकाचा विचार करताना आपण बहुतेक वेळा फक्त खाणाऱ्याचा करतो.

माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी वनस्पतींचे अर्क सॉक्स्लेटच्या उपकरणात काढले. जर्मन कृषिरसायनज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट यांनी १८७९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेही दुधातली स्निग्धता मोजण्यासाठी. काचेच्या नळकांड्यात जाड कागदाची टोपी, टोपीत वाळलेली पूड. खाली द्रावक उकळतो, वाफ वर चढते, थंड होऊन पुडीवर थेंब थेंब गळते. द्रावकाची पातळी बाजूच्या वाकड्या नळीच्या माथ्यावर पोचली की सगळा रंगीत द्रव गडगडत खालच्या चंबूत उतरतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर हे चालू ठेवायचे. सकाळी खोलीचे दार उघडले की डोके जड व्हायचे. त्याला आम्ही 'लॅबचा वास' म्हणायचो आणि खिडकी उघडायचो. तो वास म्हणजे आमच्या फुप्फुसात गेलेला द्रावक होता, हे वहीत कुठेच नोंदवायचे नसे.

घातक द्रावक बदलणे शक्य आहे याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कॉफीच्या इतिहासात सापडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस यांनी कॉफीतले कॅफीन काढण्याचा कारखानदारी मार्ग शोधला, तो बेन्झिन वापरून. बेन्झिनने कर्करोग होतो हे आज सगळ्यांना माहीत आहे. १९६०च्या दशकात त्याच जर्मनीत कुर्ट झोसेल यांनी तेच कॅफीन कार्बन डायऑक्साइडने काढून दाखवले. हा वायू ३१ अंशांच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली नेला की तो वायू राहत नाही आणि द्रवही होत नाही. वायूसारखा फटींत शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. या अवस्थेला सुपरक्रिटिकल म्हणतात. काम झाल्यावर दाब सोडायचा. द्रावक उडून जातो, माल मागे राहतो, आणि मालात उरलेल्या अंशाची चिंता नसते. मसाल्यांचे, हॉप्सचे आणि सुगंधी तेलांचे अर्क आज या मार्गाने काढले जातात. त्याच्या मर्यादाही आहेत. यंत्र अवजड आणि महाग असते, आणि पाण्यात रमणारे पदार्थ हा वायू एकटा ओढू शकत नाही. त्याच्या जोडीला थोडे इथेनॉल द्यावे लागते.

आता समुद्राकडे येऊ, कारण या पुस्तकाचा अर्ध्याहून अधिक भाग समुद्रशैवालांवर आहे.

हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला मालवण किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर उतरा. उघड्या पडलेल्या खडकांवर तपकिरी, फांद्या फुटलेले सार्गासम दिसेल. त्याला मिरीएवढे हवेचे फुगे असतात; बोटांत दाबला की फुगा फट्दिशी फुटतो. थोडे घरी आणा, स्वच्छ धुवा आणि उकळत्या पाण्यात बुडवा. काही क्षणांत तपकिरी शेवाळ हिरवेगार होते. हरितद्रव्य पहिल्यापासून आत होतेच. फ्युकोझँथिन नावाच्या रंगद्रव्याने ते झाकलेले होते. उष्णतेने त्या रंगद्रव्याची प्रथिनाशी असलेली गाठ सुटली आणि खालचा रंग वर आला. स्वयंपाकघरात करता येणारा हा प्रयोग एक महत्त्वाची गोष्ट शिकवतो. शेवाळातले मौल्यवान पदार्थ एकमेकांत आणि पेशीच्या भिंतीत गुंतलेले असतात. ते सोडवताना हात जड झाला तर जे हवे तेच बिघडते.

या भिंती झाडांच्या भिंतींसारख्या नसतात. तपकिरी शेवाळात अल्जिनेट असते, ज्याने आइस्क्रीम दाट होते आणि दातांचे ठसे घेता येतात. फ्युकॉइडन असते, ज्याला स्वीडनच्या हाराल्ड क्युलिन यांनी १९१३ मध्ये पहिल्यांदा वेगळे केले. तांबड्या शेवाळांत अगार आणि कॅरॅजिनन. जुन्या पद्धतीत फ्युकॉइडन गरम आम्लात काढत. आम्लाने त्याच्या लांब साखळ्या तुटत, आणि हाती यायचे ते बऱ्याचदा तुकडे असायचे. आज विचार क्रमाने काढण्याचा आहे. आधी पाणी मिसळलेल्या इथेनॉलने फ्युकोझँथिन घ्या. उरलेला चोथा कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या कोमट पाण्यात ठेवा. कॅल्शियम अल्जिनेटला धरून ठेवतो आणि फ्युकॉइडन पाण्यात उतरते. मग धुण्याचा सोडा घाला की अल्जिनेट सुटते. शेवटचा चोथा खताला. उसाचा रस, चिपाडे, मळी, प्रेसमड यांतले काही वाया न घालवणाऱ्या साखर कारखान्याचे हे गणित महाराष्ट्राला नवे नाही.

पाण्याला कमी लेखण्याची सवय आपल्याला आहे. पण अगार हा पदार्थ जपानमध्ये शतकानुशतके केवळ पाण्याने आणि थंडीने तयार होत आला आहे. शेवाळ उकळायचे, गाळलेला रस गोठू द्यायचा, मग हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर ठेवायचा. रात्री बर्फ होतो, दिवसा वितळतो, आणि वितळलेले पाणी अशुद्धी घेऊन वाहून जाते. द्रावक पाणी आणि शीतगृह हिवाळा. १८८१ च्या सुमारास फॅनी हेस यांनी जंतू वाढवण्यासाठी अगार सुचवले, आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून ते जगभर गेले.

आपल्याकडचे उदाहरण तमिळनाडूच्या मंडपम किनाऱ्यावरचे आहे. तिथे कॅपाफायकस हे फिलिपाईन्सकडचे तांबडे शेवाळ बांबूच्या तराफ्यांवर दोऱ्यांना बांधून वाढवतात. पीक सुमारे ४५ दिवसांत तयार होते आणि या कामात बायका मोठ्या संख्येने आहेत. रूढ पद्धत अशी की शेवाळ वाळवायचे आणि कॅरॅजिननसाठी कारखान्याला द्यायचे. ताज्या शेवाळात दहातले आठ-नऊ भाग पाणी असते. वाळवताना ते उडून जाते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने वेगळा विचार केला. ताजे शेवाळच चिरडायचे आणि गाळायचे. रस निघतो, त्यात पोटॅश आणि वाढीची संप्रेरके असतात, म्हणून तो पिकावर फवारायला जातो. चोथ्यातून कॅरॅजिनन निघते. बाहेरचा द्रावक शून्य. शेवाळातले पाणीच द्रावक ठरते. नाशिक-निफाडचा द्राक्षबागाईतदार 'सीवीड मारले' म्हणतो. त्याच्या बाटलीत असा दाबून काढलेला रस असू शकतो, किंवा अटलांटिकच्या थंड पाण्यातल्या शेवाळाचा कॉस्टिक पोटॅशमध्ये शिजवलेला अर्कही असू शकतो. दोन्हींचे नाव एकच, गुण वेगळे, आणि फरक पुन्हा तोच: कशात काढले.

हिशेबाची दुसरी बाजूही लिहायला हवी. हेच कॅपाफायकस शेतीबाहेर निसटून मन्नारच्या आखातातल्या प्रवाळांवर पसरल्याचे संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवले. शेवाळ समुद्रातून आयोडीन आणि पोटॅश घेते तसे आर्सेनिकही घेते. सार्गासमच्याच कुळातले हिजिकी खाऊ नये असा सल्ला ब्रिटनच्या अन्न विभागाने याच कारणाने दिला आहे. उत्तम द्रावकाची परीक्षा तो काय आणतो यावर होते, तशी काय मागे ठेवतो यावरही होते.

नव्या द्रावकांपैकी सर्वांत कुतूहल वाटावे असा एक प्रकार डीप युटेक्टिक या नावाने ओळखला जातो. लेस्टर विद्यापीठाच्या अँड्र्यू ॲबट यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले की कोलिन क्लोराइड आणि युरिया १:२ या प्रमाणात मिसळले की द्रव तयार होतो. कोलिन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात असते, युरिया बांधावर पोत्याने असतो. पहिले ३०२ अंशांना वितळते, दुसरे १३३ अंशांना, आणि दोघांची जोडी १२ अंशांनाच. दोघे एकमेकांना असे धरतात की स्फटिक होण्याची सोय राहत नाही. २०११ मध्ये लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी साखर, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्ले यांच्या अशाच जोड्या मांडल्या. वनस्पतींच्या पेशींतही असे द्रव असावेत, आणि पाण्यातही तेलातही न विरघळणारे पदार्थ त्यांतच साठत असावेत, असा त्यांचा तर्क होता. आता ती कोकमाची बरणी आठवा. तिच्यात प्रामुख्याने परासरण घडते, तिला डीप युटेक्टिक म्हणणे चुकीचे ठरेल. पण साखर, आम्ल आणि थोडे पाणी यांच्या दाट मिश्रणाने रंग धरून ठेवणे ही कल्पना कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला परकी वाटणार नाही.

आणखी एक वाट आपल्या माटुंग्यातून गेली. काही क्षार पाण्यात पुरेसे घातले की पाण्यात न विरघळणारे पदार्थही विरघळू लागतात. या गुणाला कार्ल नॉयबर्ग यांनी १९१६ मध्ये हायड्रोट्रॉपी हे नाव दिले. आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पूर्वीच्या यूडीसीटीत व्ही. जी. गायकर यांच्या गटाने या मार्गाने काळ्या मिरीतले पायपरीन आणि हळदीतले करक्युमिन काढले. यातली खरी गंमत शेवटी आहे. अर्कात साधे पाणी ओतले की क्षार पातळ होतो, त्याची पकड सुटते आणि पदार्थ खाली बसतो. वाफ करायला नको. यातले बरेच क्षार पेट्रोलियमपासून बनतात, तेही सांगून टाकतो.

मग 'हिरवा' कोणाला म्हणायचे? पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांतले पाचवे द्रावकांविषयी आहे, आणि त्याचे पहिले सांगणे असे की शक्य असेल तिथे द्रावक वापरूच नका. लागोपाठ सहावे ऊर्जेविषयी आहे आणि सातवे कच्चा माल पुन्हा उगवणारा असावा असे सांगते. ही तीन एकमेकांशी भांडतात. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन हेक्झेनची जागा घेऊ शकते, सालीतून येते, सुवासिक असते. पण ते १७६ अंशांना उकळते, म्हणून परत मिळवायला जास्त इंधन लागते. इथेनॉल उसापासून येते, आणि ऊस किती पाणी पितो हे मराठी वाचकाला सांगायला नको. डीप युटेक्टिक द्रावक उडतच नाहीत, हा त्यांचा गुण आणि हीच अडचण. उडत नाहीत तर मालातून काढायचे कसे?

जुने ते सगळे हिरवे, असेही नाही. आयुर्वेदाच्या काढ्यात पाणी द्रावक आहे, सिद्ध तेलात तेल आहे, आसव-अरिष्टांत तर आंबण्यातून तयार होणारे अल्कोहोल जागच्या जागी द्रावकाचे काम करते. ही बुद्धिमत्ता मोठी आहे. पण उकळणे प्रत्येक पदार्थाला मानवत नाही. १९७१ मध्ये चीनच्या तू यूयू यांनी मलेरियावरचे आर्टेमिसिनीन असलेला अर्क मिळवला, तो एका प्राचीन ग्रंथात वनस्पती उकळायला नव्हे तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा. त्यांनी ३५ अंशांना उकळणारा ईथर वापरला. तो ज्वालाग्राही असतो, हिरव्या यादीत बसत नाही. त्याने सापडलेल्या औषधाने मात्र असंख्य जीव वाचले, आणि त्यासाठी तू यूयू यांना २०१५ च्या नोबेलचा वाटा मिळाला. माझे म्हणणे म्हणून इतकेच आहे की हिरवेपणा बाटलीतल्या द्रवाचा गुण नाही. तो पूर्ण हिशेबाचा गुण आहे: द्रावक कुठून आला, किती उष्णता खाल्ली, कोणाच्या श्वासात गेला, काम झाल्यावर कुठे गेला. हा हिशेब न मांडता लावलेले 'ग्रीन'चे लेबल मी मानत नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी द्रावक विरघळवतो म्हणजे काय करतो. मग पाणी, इथेनॉल, कार्बन डायऑक्साइड आणि नवे द्रावक. मग मायक्रोवेव्ह, ध्वनिलहरी आणि विकरे यांची मदत. नंतर शेवाळे आणि वनस्पती एकेक करून. शेवटी हिशेब कसा मांडायचा. जिथे मराठी शब्द रुळला आहे तिथे तो ठेवला, जिथे कारखान्यात आणि प्रयोगशाळेत इंग्रजी शब्दच बोलतात तिथे तो देवनागरीत लिहिला. शेवाळातल्या पदार्थांच्या औषधी गुणांविषयी लिहिताना हात आखडता घेतला आहे. परीक्षानळीतल्या पेशींवर दिसलेला गुण माणसात दिसेलच असे नसते, आणि तो फरक पुसून टाकणारी पुस्तके आपल्याकडे पुरेशी आहेत.

हे पुस्तक विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी आहे, तसे कोकणात शेवाळ किंवा कोकम यांवर लहान उद्योग उभारू पाहणाऱ्यासाठी आहे, आणि दुकानातून अर्काची बाटली घेणाऱ्या कोणासाठीही आहे. त्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी 'हर्बल', 'नैसर्गिक' किंवा 'सीवीड' असे लिहिलेली बाटली हातात घ्याल तेव्हा ती उलटी करा आणि हे कशात काढले ते शोधा. लिहिलेले नसेल तर दुकानदाराला विचारा, त्याला ठाऊक नसेल तर कंपनीला पत्र लिहा. पुरेशा लोकांनी विचारले तर ते लिहावे लागेल.